झाकण लावलं की ट्रिप

मी सांगतोय ते घडलेलं आहे. पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. मी कुणाला पटवायला बसलेलो नाही.

ही हकिगत माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीची. पाच महिन्यांपूर्वीपर्यंत ती वायरमन होती. हो, बाई असून वायरमन. पहिल्यांदा बोलावणारे लोक तिच्या मागे बघायचे, खरा माणूस अजून यायचाय अशा थाटात. ताई म्हणायची, "मीच आलेय. मीटर कुठेय ते दाखवा."

सोळा वर्षं हेच काम. पाण्याचे पंप, हीटर, पोहण्याचे तलाव, असली पाणी आणि वीज एकत्र असलेली कामं तिच्याकडे हमखास यायची, कारण बाकीचे ती टाळायचे. ताई घाबरायची नाही. "विजेला मन नसतं," असं ती म्हणायची, "म्हणून मला ती आवडते. ती कधी खोटं बोलत नाही."

हल्ली ती असं म्हणत नाही.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात असं वाटत असेल, तर ही दुपारची आहे. मंगळवार. तीनला दहा कमी. बाहेर लख्ख ऊन.

ताई त्या घरासमोर गाडी लावून उतरली.

घर शहराच्या टोकाला, उतारावर. वरून एक मजली दिसायचं, पण मागच्या बाजूला उतारात अजून एक खोली होती. त्या खोलीत लाकडी फळ्यांचा उंच ओटा केलेला, आणि ओट्याच्या मधोमध बसवलेला हॉट टब. पाच-सहा माणसं आरामात बसतील एवढा.

दार उघडलं ते मालकीणबाईंनी. पन्नाशीच्या, चटपटीत. नवरा परगावी नोकरीला, घर घेऊन सहा महिने झालेले.

"अहो ताई, सहा महिन्यांत सहा वेळासुद्धा पाय बुडवला नाही हो त्यात," जिना उतरता उतरता त्या सांगत होत्या. "चालू केला की दहा मिनिटांत खट्! सगळं बंद. पहिला आला त्याने हीटर बदलला. फरक शून्य. मग ते दाढीवाले मिस्त्री आले. भला माणूस. दोन तास खाली खुडबुड केली, वर आले ते नखशिखांत भिजलेले. 'झालं' म्हणाले आणि निघून गेले."

"मग?"

"मग काय, दुसऱ्या दिवशी पुन्हा खट्! त्यांना फोन करतेय तर उचलत नाहीत. आणि हत्यारांची पिशवी इथेच टाकून गेलेत. तीन आठवडे झाले."

ताई थबकली.

हत्यारं विसरून जाणारा मिस्त्री तिने आजवर पाहिला नव्हता. एक वेळ जेवणाचा डबा विसरेल, पण पक्कड नाही.

पण ती तशीच कामाला लागली.

असल्या तक्रारीत काम ठरलेलं असतं. पाण्यात कुठेतरी करंट गळत असतो, म्हणून सुरक्षेचा स्विच आपोआप पडतो, म्हणजे ट्रिप होतो. तो कुठून गळतोय ते शोधायचं. एकेक वस्तू सोडवायची आणि बघायचं.

हीटर सोडवला. स्विच टिकला.

हीटर परत जोडला. तरीही टिकला.

पंप बघितला. चांगला. बुडबुड्यांचा ब्लोअर बघितला. चांगला. पाण्यातला दिवा, कंट्रोलचा डबा, अर्थिंग… सगळं चोख. मेगरचं मीटर लावून वायरींचं इन्शुलेशन तपासलं, आकडे असे सुरेख की भिंतीवर फ्रेम करून लावावेत.

अर्धा तास टब मस्त चालला. पाणी कोमट झालं. ताईने वाकून आत बघितलं. स्वच्छ निळं पाणी, तळ दिसत होता. आत काही नव्हतं.

"सुटला की काय?" मालकीणबाई म्हणाल्या.

"पाणी तापू दे पूर्ण. झाकण लावू या, लवकर तापेल."

दोघींनी मिळून ते जाडजूड झाकण ओढलं. त्याला चार पट्टे होते, खटक्यांचे. ताईने चारही खट् खट् बसवले.

आणि पाचव्या खट्ला स्विच पडला.

झाकण काढलं. स्विच टिकला.

झाकण लावलं. पडला.

तीनदा करून बघितलं. तिन्ही वेळा तेच. झाकणात ना वायर, ना दिवा, ना काही. नुसता फोम आणि रेक्झिन.

"हे म्हणजे गादी टाकली की पंखा बंद पडावा तसं झालं," ताई हसून म्हणाली. पण मालकीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी हळूच विचारलं, "ते मिस्त्रीसुद्धा झाकणापाशीच अडले होते. तुम्हाला… काही वेगळं वाटतंय का इथे?"

"वेगळं काही नाही. झाकणाच्या वजनाने काठ दबत असेल आणि खाली एखादी वायर चिमटत असेल. खाली जाऊन बघते."

टबाच्या मागे, ओट्याच्या कोपऱ्यात एक चौकोनी फळी होती. ती उचलली की खाली उतरता यायचं. टब आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम दीड हाताची फट. रांगत जायचं, रांगतच मागे यायचं. वळायला जागा नाही.

झाकण तसंच लावलेलं ठेवलं, कारण वजन वरून पडायला हवं. मेन स्विच पाडला. त्याला आपलं छोटं कुलूप घातलं, म्हणजे चुकूनही कुणी चालू करू नये. किल्ली पॅंटच्या खिशात. हा तिचा सोळा वर्षांचा नेम.

"मी वर आहे, हाक मारा," मालकीणबाई म्हणाल्या. वर टीव्ही चालू होता, कुणीतरी बातम्या वाचत होतं.

ताई फटीत शिरली.

कपाळावरच्या बॅटरीच्या उजेडात पाइप, वायरी, कोळ्याची जाळी. एका बाजूला टबाची गरम पाठ, दुसऱ्या बाजूला थंड भिंत. पोटाखाली फरशी. दोन-तीन हात आत गेल्यावर तिला ती पिशवी दिसली.

दाढीवाल्या मिस्त्रींची. मालकीणबाईंना वाटलं होतं तशी ती विसरलेली नव्हती. उघडी होती. पक्कड बाहेर काढून ठेवलेली, शेजारी टेप, कापलेल्या वायरीचा तुकडा. काम करता करता माणूस उठून जावा, तशी.

पण इथे कुणी उठू शकत नव्हतं.

ताईने ती पक्कड उचलून खिशात टाकली.

आणि तेवढ्यात तिच्या लक्षात आलं…

टीव्हीचा आवाज येत नव्हता.

पक्ष्यांचाही नाही. रस्त्याचाही नाही. कानात बोटं घातल्यावर होतं तसं सगळं गप्प.

मग पाणी हललं.

तिच्या कानापासून चार बोटांवर. टबाच्या भिंतीपलीकडे.

ते हलणं पंपाचं नव्हतं. पंपाचा आवाज ती झोपेतही ओळखते. हा आवाज जड होता, संथ होता. झाकण लावलेल्या त्या टबात कुणीतरी कूस बदलली होती.

ताईने श्वास रोखला.

टक.

आतून. टबाच्या पाठीवर.

टक… टक.

"पाइप थंड होतोय," ताई स्वतःलाच मोठ्याने म्हणाली. तिला आपला आवाज ऐकायचा होता. ती तशीच मागे सरकायला लागली. कोपरं घासत, गुडघे घासत. हाताला ओलं लागलं. फरशीवर पाणी आलं होतं. कोमट. कुठून येतंय कळत नव्हतं, पण येत होतं.

आणि पंप चालू झाला.

मेन बंद होता. कुलूप तिने घातलं होतं. किल्ली तिच्या मांडीला टोचत होती.

तिने टेस्टर वायरीला लावला.

टेस्टर पेटला.

पाण्यात पालथी पडलेली बाई आणि वीतभर अंतरावर जिवंत वायर. पुढे काय होतं ते ताईइतकं चांगलं कुणाला माहीत असणार? तिने दोन्ही हात छातीशी घेतले आणि नुसत्या गुडघ्यांच्या आणि पोटाच्या जोरावर मागे सरकत राहिली. इंच इंच.

पाय भिंतीला टेकले. आलं, फटीचं तोंड आलं. ती कशीबशी उकिडवी बसली आणि वरच्या फळीला हात लावला.

फळी बंद होती.

तिने ती उघडी ठेवली होती. तिला पक्कं आठवत होतं.

"मालकीणबाई! अहो बाई!"

काही नाही.

फळी ढकलली. हलेना. खांदा लावला. हलेना. वर काहीतरी जड ठेवलेलं होतं.

फोन काढला. सुदैवाने रेंज होती. मालकीणबाईंनी दुसऱ्या रिंगला उचलला. मागे गाड्यांचे हॉर्न.

"हां, बोला ताई. काही राहिलं का?"

"फळी कुणी लावली? मला उघडून द्या आधी!"

"कसली फळी?"

"अहो मी खाली आहे! टबाच्या मागे!"

पलीकडे हॉर्न वाजत राहिले. मग बाई अडखळत म्हणाल्या, "असं काय करताय ताई… तुम्ही तर मघाशीच गेलात."

ताईने फळीला पुन्हा खांदा लावला.

"वर आलात. सगळ्या भिजलेल्या. मी टॉवेल देत होते, तुम्ही घेतला नाहीत. कामाचा कागद पुढे केला, त्यावर सही केलीत. काम झालं का विचारलं तर… 'झालं' म्हणालात. आणि चालत फाटकातून गेलात. मला वाटलं, गाडी नंतर न्याल. मी खालची खोली लावून घेतली आणि बाजारात आले. ताई? कोण बोलतंय हे?"

"बाई, मी बोलतेय. मी इथेच आहे. मी बाहेर आलेच नाही. तुमच्या पाया पडते, परत या!"

"…वीस मिनिटं तरी लागतील," असं पुटपुटून बाईंनी फोन ठेवला. विश्वास बसला की भीती वाटली, कोण जाणे.

वीस मिनिटं.

ताई अंधुक उजेडात गुडघे पोटाशी घेऊन बसली. पाणी घोट्यापर्यंत आलं होतं. पंप थांबला होता. आता फक्त ती आणि ते गप्पपण.

मग पलीकडून कुणीतरी बोलायला लागलं.

पुरुषाचा आवाज. दमलेला. घोगरा. कामावरचा माणूस स्वतःशी पुटपुटतो तसा.

"हीटर बघितला… पंप बघितला… ब्लोअर बघितला… दिवा बघितला…"

थांबला. पाणी चुळबुळलं.

"हीटर बघितला… पंप बघितला…"

पुन्हा. तेच. त्याच क्रमाने. ताई म्हणते, किती वेळा ऐकलं ते मोजलं नाही, पण मधेच तिच्या ओठांवरही तेच शब्द यायला लागले. तिनेही मघापासून हेच केलं होतं ना.

तिने तोंडावर हात दाबला. आवाज ताबडतोब थांबला.

"कोण आहे तिथे?" तो म्हणाला. "बाई… तुम्ही वायरमन का?"

ताईने तोंडावरचा हात काढला नाही.

"मी मिस्त्री. माझी पिशवी राहिली बाहेर. झाकण उघडता का जरा? आत दम कोंडतोय."

 तिने फळीला पाठ लावली आणि देवाचं, आईचं, ज्याचं आठवेल त्याचं नाव घेत जीव खाऊन रेटा दिला. वर काहीतरी घसरलं, धाडकन पडलं. फळी उघडली. ती स्वतःला ओढत ओट्यावर आली.

फळीवर तिचीच हत्यारांची पेटी ठेवलेली होती.

खोलीचं दार बाहेरून बंद. खिडकी नाही. वर छताशी गज लावलेला एक झरोका, त्यातून पिवळं ऊन आत येत होतं. बोर्डावर मेन स्विच खाली, तिचं कुलूप जागच्या जागी. हलवूनसुद्धा बघितलं. पक्कं.

आणि मधोमध तो टब. झाकण लावलेला.

टक.

झाकण आतून किंचित उचललं गेलं, पट्ट्यांनी ओढलं, खाली बसलं.

"बाई… घरी बायको वाट बघत असेल हो."

आता मला सांगा, तुम्ही काय केलं असतं?

ताईने एक पट्टा उघडला.

भीतीने नव्हे. ती म्हणते, आवाजात खोट नव्हती. पाण्यात अडकलेला माणूस कसा बोलेल, तसाच तो बोलत होता. दुसरा उघडला. झाकणाच्या फटीतून वाफ आली. तिसरा उघडला.

"आता चौथा," आवाज म्हणाला. "लवकर. ती परत यायच्या आत."

ताईचा हात खटक्यावर थांबला.

ती कोण?

"कोण परत यायच्या आत?"

आत पाणी एकदम निश्चल झालं.  मग झाकणाला अगदी तोंड लावून, कुजबुजत, तो म्हणाला, "एक बाहेर गेलं की एकाला आत यावं लागतं ना…"

ताईने तिन्ही पट्टे पुन्हा बसवले. कसे बसवले, तिला आठवत नाही. आतून रडण्याचा आवाज येत होता. मोठा बाप्या माणूस रडतो तसा, दबका. ती दाराला पाठ लावून कानात बोटं घालून बसून राहिली.

मालकीणबाईंनी दार उघडलं तेव्हा ती तशीच होती. बाईंनी तिच्याकडे बघितलं, स्वतःच्या हातातल्या कागदाकडे बघितलं. सही ताईचीच होती. शेवटच्या अक्षराची शेपटी ती कशी वर ओढते, तशीच. फक्त कागद अजून ओला होता.

टबाकडे दोघींपैकी कुणी वळूनही पाहिलं नाही.

चौथ्या दिवशी ताई दाढीवाल्या मिस्त्रींचा पत्ता काढून त्यांच्या घरी गेली. दार मिस्त्रींनीच उघडलं. ठणठणीत. दाढी विंचरलेली. ताईचा जीव भांड्यात पडला. म्हणजे आतला आवाज त्यांचा नव्हताच!

"तुमची पिशवी तिथेच राहिलीय, ही पक्कड तेवढी आणली," ती म्हणाली. "तो टब… तुम्हाला फॉल्ट कुठे सापडला होता?"

मिस्त्री हसले. नुसते हसले. मग त्यांनी ती पक्कड हातात घेतली, उलटीपालटी करून बघितली आणि लहान मूल विचारतं तसं विचारलं, "हे काय आहे?"

ताई पायऱ्या उतरून रस्त्यावर आली, तर मागून त्यांची बायको धावत आली. पदर सावरत, मागे बघत.

"तुम्ही त्या घरी गेला होतात ना? खरं सांगा हो. हे तिकडून आले तेव्हापासून एक शब्द धड बोलत नाहीत. झोपत नाहीत. अंथरूण रोज सकाळी ओलं असतं. ताई, हे माझे हे नाहीत." तिने ताईचा हात घट्ट धरला. "माझे हे कुठे आहेत?"

ताईला उत्तर माहीत होतं.

ती तशीच गाडी काढून त्या घरी गेली. ठरवून गेली होती, की काही होवो, चौथा पट्टा उघडायचा.

मालकीणबाई फाटकातच भेटल्या. उतरलेला चेहरा. म्हणाल्या, "काल माणसं बोलावून सगळं बुजवलं. खालपासून वरपर्यंत काँक्रीट."

"टब काढलात ना आधी?"

"कोण काढणार? हात लावायला कुणी तयार होईना. तसाच. झाकणासकट."

ताई तिथेच रस्त्यावर खाली बसली.

याला आता पाच महिने झाले. ताईने वायरिंगचं काम सोडलं. तिला एकच प्रश्न पोखरतो, तो तुम्हाला सांगायची गरज नाही.

मला मात्र दुसरा पोखरतो.

त्या दुपारी सही करून फाटकातून चालत जे गेलं, ते कुठे गेलं?

भाऊजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, तेव्हापासून एक शिस्त लावून घेतली. बेल वाजली आणि बाहेर ताई दिसली, की दार उघडायच्या आधी तिला फोन लावायचा. बाहेर फोन वाजला तरच कडी काढायची. आम्ही हसायचो त्यांना.

मागच्या महिन्यात बेल वाजली. दाराच्या भोकातून बघितलं तर ताई. केस ओले. भाऊजींनी फोन लावला.

फोन स्वयंपाकघरात वाजला. ताई तिथे भाजी चिरत होती.

दोघांनी दिवे बंद केले आणि संध्याकाळपर्यंत जमिनीवर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी सामान घेऊन माझ्याकडे राहायला आले. इथला पत्ता कुणालाच दिलेला नाही.

ताई आत्ता बाजूच्या खोलीत झोपली आहे. भाऊजी कामावर गेलेत. मघाशी ती खालच्या दुकानातून परत आली, तेव्हा दार मीच उघडलं.

मी हे लिहिण्यात गुंग होतो.

फोन लावायचा राहूनच गेला.